लेन्स नंतर, आधी झाड आणि तिथी

फोटो टाकला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, लेन्स कुठली? आणि दुसरा, लोकेशन कुठलं? दोन्हींची उत्तरं मी देते, त्यात लपवण्यासारखं काही नाही, घुबडांची घरटी सोडली तर. पण खरं सांगू का, मुंबईत पक्षी आणि किडे चांगले टिपायचे असतील तर ह्या दोन प्रश्नांच्या आधी अजून दोन प्रश्न येतात जे कोणीच विचारत नाही, आत्ता कुठलं झाड फुललंय? आणि आज तिथी कुठली? तिथीचं नाव काढलं की बरेच जण चमकतात, कॅमेऱ्याचा आणि पंचांगाचा काय संबंध म्हणून, तर संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे, तेच सगळं आज लिहायला बसलेय. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी लेन्सचं उरकून टाकते. पक्ष्यांसाठी माझ्याकडे १५०-६०० एमएमची झूम लेन्स आहे, किड्यांसाठी १०० एमएमची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठं दाखवणारी. पण एवढं सुरुवातीलाच घ्यायची अजिबात गरज नाही, ब्रिज कॅमेरे मिळतात, म्हणजे लेन्स न बदलता येणारे, मोठ्या झूमचे, निकॉनच्या पी९०० ला ८३ एक्स झूम आहे, सेकंडहँड मिळाला तर उत्तमच, आणि किड्यांसाठी मोबाईलला लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स घेऊनही लोक कमाल फोटो काढतायत. सेटिंगचं म्हणाल तर उडणाऱ्या पक्ष्याला शटरचा वेग १/१६०० सेकंदापेक्षा कमी नको, त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढला तर खुशाल वाढू दे, नॉईज म्हणजे फोटोत येणारे दाणे नंतर काढता येतात पण हललेला फोटो नंतर सरळ होत नाही. डोळा शार्प हवा, बाकी सगळं सॉफ्ट असलं तरी चालतं. आणि कॅमेरा शक्यतो पक्ष्याच्या किंवा किड्याच्या डोळ्याच्या पातळीवर, म्हणजे चिखलात बसावं लागलं तर बसायचं, गवतात पालथं पडावं लागलं तर पडायचं, कपडे धुता येतात. मुंबईकरांसाठी एकच जास्तीची सूचना, पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, नक्की लागते, कपाटात बॅगेत तशीच ठेवली तर दोन महिन्यात काचेच्या आत जाळं दिसायला लागतं. त्यामुळे हवाबंद डबा, आत सिलिका जेल, निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून परत निळे करायचे. झालं गियर.

आता झाड.

फेब्रुवारी लागला की मी आरेमधून किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधून कान्हेरीच्या रस्त्याला जाताना फक्त एकच गोष्ट शोधत असते, काटेसावर. पूर्ण पानगळ झालेली, अंगावर काटे, आणि फांद्यांच्या टोकाला ती लाल जाडजूड फुलं. फोटो काढणाऱ्यासाठी ह्या झाडाइतकं सोयीचं झाड मुंबईत दुसरं नाही असं माझं ठाम मत आहे, कारण एकतर पानं नसतात त्यामुळे पक्षी लपत नाही, आणि दुसरं म्हणजे फुलात मध इतका असतो की पक्षी स्वतःहून येतात, परत परत येतात, त्याच फांदीवर येतात. म्हणजे तुम्हाला कुणाच्या मागे धावायचं नाही. सकाळी साडेसातला झाडापासून जरा लांब, सूर्य पाठीमागे ठेवून उभं राहायचं आणि दोन तास हलायचं नाही बस.

त्या दोन तासात काय काय येतं म्हणून सांगू! भोरड्या येतात, त्या थंडीपुरत्या आपल्याकडे पाहुण्या, मध्य आशियातून आणि त्याच्याही पलीकडून येतात, पंचवीस-तीसचा थवा एकदम झाडावर आदळतो आणि नुसती भांडणं सुरू होतात. हळद्या येतो, एकटा, फांदीच्या आतल्या बाजूला बसतो आणि मान लांब करून फुलात घालतो. नॅशनल पार्कात नशीब असेल तर भृंगराज, शेपटीच्या त्या दोन लांब तारा आणि टोकाला रॅकेट. शिंजीर तर असतोच असतो, इवलासा, फुलाच्या कडेला उलटा लटकून. कोतवाल मधही पितो आणि मधाला आलेल्या माश्याही पकडतो. कावळे, साळुंक्या, खारी, तांबट, सगळ्यांची पंगत.

पण मला ह्यात सगळ्यात जास्त आवडतं ते भोरडीचं कपाळ. भोरडी म्हणजे अंग गुलाबीसर, डोकं आणि पंख काळे. ती फुलात डोकं घालते, मध पिते, बाहेर काढते तेव्हा चोचीच्या वरचा सगळा भाग पिवळा झालेला असतो, परागकणांनी माखलेला. सकाळी नऊपर्यंत थवाच्या थवा पिवळ्या कपाळाचा. काटेसावरीला मध कशासाठी लागतो ते त्या एका कपाळावर दिसतं, हे पराग घेऊन ती पुढच्या झाडावर जाणार. नुसता भोरडीचा पोर्ट्रेट फोटो कुणीही काढतं, पण पिवळ्या कपाळाच्या भोरडीच्या फोटोत पक्षी पण आहे आणि झाड पण आहे, आणि तो फोटो तुम्ही झाडापाशी थांबलात तरच मिळतो.

काटेसावर संपत आली की पळस, पांगारा, आणि वर्षभर मधूनमधून कुठलातरी वड, पिंपळ, उंबर फळलेला असतोच. ह्यांचं वेळापत्रक काटेसावरीसारखं ठरलेलं नाही, शेजारशेजारच्या दोन वडांपैकी एक फळलेला आणि एक कोरडा असं असतं, त्यामुळे येता जाता मान वर करून बघत राहायचं. फळलेला वड दिसला की तिथे तांबट, कुटुर्गा, हरियाल आणि राखी धनेश हे चौघे कधी ना कधी येणार म्हणजे येणार. हरियाल आपल्या राज्याचा पक्षी, जमिनीवर फारसा उतरतच नाही, पानात बसला की डोळ्यासमोर असून दिसत नाही, फळ पडल्याचा आवाज आला की तिकडे बघायचं. आणि धनेश बघायला जंगलात जावं लागतं असं नाही, मलबार हिल, भायखळा, अगदी गर्दीच्या वस्तीतल्या जुन्या वडांवर दिसतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी जुनं झाड तोडायचा विषय काढला ना, तर मी हे फोटोच दाखवते.

मुंबईच्या सोसायट्यांमध्ये हमखास काय असतं, तर उभा अशोक, कंपाउंडच्या कडेने रांगेत लावलेला. त्याला लोक नुसतं शोभेचं झाड समजतात. पण टेल्ड जे नावाचं फुलपाखरू आहे, काळ्या पंखांवर हिरवे ठिपके, एका जागी स्थिर म्हणून नाही, त्याच्या अळ्या ह्या उभ्या अशोकाची पानं खातात, म्हणूनच ते फुलपाखरू मुंबईभर दिसतं. ते उडताना टिपणं फार अवघड. पण त्याची मादी अंडी घालायला कोवळ्या लालसर पालवीवर येते, तिथे थोडी थोडी घुटमळते, त्यामुळे नवी पालवी फुटलेला अशोक गाठायचा आणि पालवीवर आधीच फोकस करून ठेवायचा.

आता कढीपत्ता. ह्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण हे सगळं माझ्या खिडकीच्या ग्रिलमध्ये होतं आणि ह्यासाठी कोणालाही कुठेही जावं लागत नाही.

कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर लाईम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन ही दोन फुलपाखरं तुमच्या चौथ्या मजल्यावर पण येतात. मादी पानावर पाय टेकवून झाड बरोबर आहे का तपासते आणि कोवळ्या पानावर एकेक अंडं घालते, फिकट पिवळं, मोहरीपेक्षा लहान. काही दिवसात अळी निघते ती तपकिरी-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी, त्यामुळे पक्षी तिच्याकडे बघत पण नाहीत. मग कात टाकत टाकत मोठी होते आणि शेवटच्या कातेनंतर एकदम हिरवीगार. ह्या टप्प्याला आमच्या शेजारच्या काकूंना ती दिसली.

"अगं, तुझ्या कढीपत्त्यावर अळ्या पडल्यात केवढ्या, औषध मार आधी."

"काकू, फुलपाखराच्या आहेत त्या. राहू दे, आठ-दहा दिवसात जातील."

"तोवर झाड राहील का पण?"

"परत फुटतं काकू. तुम्हाला फोडणीला हवा तर मी बाजारातून आणून देते."

त्या दिवशी काकूंना मी एक गंमत दाखवली, काडीने अळीला अगदी हलकासा स्पर्श केला, तर तिने डोक्यामागून केशरी-लाल रंगाची दोन टोकांची नळी बाहेर काढली आणि उग्र वास सोडला, दोन सेकंदात परत आत. काकू म्हणाल्या अगंबाई, हिला तर शिंगं आहेत. त्याला ऑस्मेटेरियम म्हणतात, मुंग्या आणि भक्षकांना पळवायची तिची सोय. फोटोसाठी हे मुद्दाम करत बसू नका, एकदा बघितलं, बस झालं, तिला त्याचा त्रास होतो.

मग एक दिवस अळी खाणं सोडून भटकायला लागते, जागा शोधते, कमरेला रेशमाचा एक धागा बांधून घेते आणि कोश. हिरव्या फांदीवर बहुतेक हिरवा, सुकलेल्या काडीवर किंवा ग्रिलवर तपकिरी. आता खरी टीप ऐका. कोश फुटायचा क्षण टिपायचा असेल तर दिवस मोजत बसायचं नाही, रंग बघायचा. आदल्या दिवशी कोश काळपट व्हायला लागतो आणि आतल्या पंखांची नक्षी बाहेरून दिसायला लागते, टॉर्च मारून बघितलं की स्पष्ट दिसते. ती दिसली की रात्रीच ट्रायपॉड लावून ठेवायचा, फोकस मॅन्युअल करून ठेवायचा आणि पहाटे पाचचा अलार्म, कारण बहुतेक वेळा सकाळीच बाहेर येतं. बाहेर येताना फार तर मिनिटभर लागतं, पोट मोठं फुगलेलं, पंख एवढेसे चुरगळलेले. ते कोशाच्या रिकाम्या सालीला लटकतं आणि पोटातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये पंप करत जातं आणि आपल्या डोळ्यासमोर पंख मोठे होत जातात, घड्या उलगडत जातात. मग वाळवत बसतं, तास दोन तास. आयुष्यात ह्या फुलपाखराला तुम्ही इतक्या जवळून, इतक्या शांतपणे परत कधीच बघू शकणार नाही कारण एकदा उडालं की हे लाईम बटरफ्लाय दोन सेकंद स्थिर बसत नाही. आणि कधी कधी कोशातून फुलपाखराच्या ऐवजी बारीकबारीक गांधीलमाश्या बाहेर पडतात, त्यांच्या आईने आधीच आत अंडी घातलेली असतात. तेव्हा वाईट वाटतं, पण त्याचाही फोटो काढा, ते पण तितकंच खरं आहे.

कॉमन मॉरमॉनचं अजून एक आहे, त्याच्या काही माद्या नरासारख्या दिसतच नाहीत, त्या कॉमन रोज नावाच्या दुसऱ्याच फुलपाखरासारख्या दिसतात, कारण कॉमन रोज विषारी, पक्षी तिला सोडतात, मग हिचंही फावतं. तसंच प्लेन टायगरचं. रुईची पानं खाऊन मोठा झालेला प्लेन टायगर कडू, आणि डनायड एगफ्लायची मादी हुबेहूब त्याचं सोंग घेते. फोटोत ओळखायचं कसं, तर मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतील तर टायगर. म्हणून फुलपाखराचा एक फोटो पंख उघडे असताना आणि एक मिटलेले असताना घ्यायचाच, नुसता उघड्या पंखांचा घेऊन निघून जाऊ नका. हळदीकुंकू म्हणजे कॉमन जेझेबेल, त्याचं तर सगळं सौंदर्य मिटलेल्या पंखांवर, पिवळा आणि लाल, वरून बघितलं तर साधं पांढरं. ते आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळावर अंडी घालतं, त्यामुळे बांडगूळ लागलेला आंबा जवळपास असेल तर तिथे हळदीकुंकू बघा.

बरं आता तिथी.

मुंबईचे पाणपक्षी टिपायचे म्हणजे खाडी आणि खाडी म्हणजे भरती-ओहोटी. हे मला एका कोळी मामांनी शिकवलं, मी खाडीच्या काठावर मोबाईलवर भरतीचा तक्ता शोधत उभी होते आणि रेंज नव्हती.

"काय शोधतेस गो?"

"भरती किती वाजता आहे ते बघतेय मामा."

"आज तिथी काय?"

"चतुर्थी."

"मग चाराचे पाऊणपट तीन. तीनला भरती. त्यात मोबाईल कशाला पाहिजे?"

इतकं सोपं. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती, दिवसा पण आणि रात्री पण. अमावस्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या अलीकडे-पलीकडे, अष्टमीला सहाच्या आसपास. थोडं पुढेमागे होतं, तेवढं तक्त्यावर बघून घ्यायचं, पण महिन्याचं प्लॅनिंग करायला हा हिशोब एक नंबर. आणि अमावस्या-पौर्णिमेच्या जवळ उधाण, म्हणजे पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली जातं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार कमी.

आता ह्याचा पक्ष्यांशी संबंध. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो, त्यात किडे, शेवाळ, कालवं, सगळं जेवण. पण पूर्ण ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की रोहित म्हणजे फ्लेमिंगो क्षितिजावरची गुलाबी रेघ होऊन बसतात, ६०० एमएम लावून पण ठिपकेच. पूर्ण भरतीला चिखलच राहत नाही, मग ते उडून काठाच्या आतल्या तळ्यांवर जातात. म्हणजे शिवडीसारख्या चिखलाच्या जागी जायचं ते भरतीच्या दोन-अडीच तास आधी किंवा नंतर, आणि भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूची तळी किंवा नेरुळची तळी गाठायची ती ऐन भरतीला. नुसतं हे एवढं पाळलं तरी तुमचे फोटो बदलतील, लेन्स तीच असली तरी.

ह्यात उन्हाची दिशा पण घाला. शिवडीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, सकाळी गेलात तर सूर्य थेट लेन्समध्ये, पक्षी काळे. काहींना तसा सिल्हूट आवडतो, मला गुलाबी रंग हवा असतो. म्हणून शिवडीला मी संध्याकाळी जाते आणि तिथी निवडते पंचमी-षष्ठी. भरती पावणेचार-साडेचारला, त्यानंतर पाणी उतरायला लागतं, काठाजवळचा चिखल आधी उघडा पडतो, पक्षी तिथेच आधी उतरतात, आणि संध्याकाळचं पिवळं ऊन तुमच्या पाठीमागून त्यांच्यावर. हार्बर लाईनने शिवडी स्टेशनला उतरायचं, पूर्वेला. अटल सेतू २०२४ मध्ये सुरू झाला तो इथूनच निघतो, फ्रेममध्ये त्याचे खांब येतात, ते टाळायचे का घ्यायचे हे तुमचं तुम्ही ठरवा, मी आताशा घेते, कारण आजच्या मुंबईतला रोहित असाच जगतोय.

रोहितात लहान कोणता आणि मोठा कोणता ते चोचीवरून बघायचं. लहान रोहिताची चोच गडद लालसर-काळी, अंगाने जास्त गुलाबी, मोठ्याची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. आपल्याकडे जास्त संख्या लहान रोहिताची. राखाडी-मळकट दिसतात ती पिल्लं, गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो. चोच उलटी करून पाणी गाळतात ते जवळून बघायला मिळालं तर व्हिडिओ काढा, फोटोत त्याची मजा येत नाही. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेलं. ऐरोलीहून वनखात्याच्या बोटी पण सुटतात, त्याही भरतीच्या वेळेवरच, आणि बोटीतून मिळणारा अँगल काठावरून कधीच मिळत नाही. पण हेही लिहायला हवं की मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाला धडकून तीसच्या वर रोहित एका रात्रीत गेले. ती बातमी वाचून मला दोन दिवस काही सुचलं नव्हतं. पक्ष्यांनी भरतीला जायची ती तळीच बुजवली, कोरडी पाडली तर त्यांनी जायचं कुठे, हा प्रश्न फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने विचारलाच पाहिजे, आपण त्यांच्या जिवावर लाइक्स मिळवतो.

भांडुपला रोहितांखेरीज खूप काही आहे. शेकाट्या, चित्रबलाक, जांभळी पाणकोंबडी, तुतवार, आणि थंडीत मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून फिरत असतो. हॅरियर आला की तळ्यावरचा सगळा थवा एकदम उठतो, त्यामुळे तळ्याकडे बघत बसण्यापेक्षा आकाशात हॅरियर कुठेय त्याच्यावर लक्ष ठेवायचं आणि कॅमेरा आधीच तयार ठेवायचा. वाऱ्याचं पण एक आहे, पक्षी उठताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात, म्हणून वारा आपल्या पाठीवर असेल अशी जागा धरायची, चेहरे मिळतात.

किड्यांचा सीझन म्हणजे पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने, आणि इथे परत झाडच. सप्टेंबरमध्ये नॅशनल पार्कात, आरेत, येऊरला, बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या गोरेगावच्या केंद्रात, कुठेही खुळखुळा शोधा. पिवळी फुलं, वाळलेल्या शेंगा हलवल्या की वाजतात. ह्या झाडाच्या सुकत चाललेल्या काड्यांवर आणि शेंगांवर ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो ही फुलपाखरं अक्षरशः लगडलेली असतात. फुलातला मध सोडून सुकी काडी चोखतात. त्यातले बहुतेक नर असतात, त्यातलं एक रसायन त्यांना मादीला आकर्षित करणारा गंध तयार करायला लागतं. आणि चोखताना इतके गुंग असतात की फुटभर अंतरावर मॅक्रो नेली तरी उडत नाहीत. नवीन माणसाने मॅक्रोची सुरुवात खुळखुळ्यापासूनच करावी.

चतुर म्हणजे ड्रॅगनफ्लाय, ते पहाटे टिपायचे. रात्रभर थंड झालेलं अंग, पंखांवर दव, ऊन पडेपर्यंत ते उडूच शकत नाहीत. दुपारी उलट, कडक उन्हात काही चतुर काडीच्या टोकावर शेपूट सरळ सूर्याकडे करून शीर्षासन घातल्यासारखे उभे राहतात, त्याने अंगावर ऊन कमी पडतं. ऑक्टोबरमध्ये मैदानांवर, रेल्वेच्या रुळांवर जे पिवळे चतुर थव्याने तरंगताना दिसतात ना, ते ग्लोब स्किमर. हा किडा भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातो असं अभ्यासक सांगतात, आणि आपण दादरला प्लॅटफॉर्मवर उभे असताना डोक्यावरून जाणाऱ्या त्याच्याकडे बघत पण नाही! ह्याच दिवसात पार्कातल्या वाटांवर जायंट वूड स्पायडरची सोनेरी जाळी असतात, मादी तळहाताएवढी आणि नर तिच्या बाजूला इतका बारीक की पहिल्यांदा तो वेगळाच कोळी वाटतो. जाळ्यातून चालत जाऊ नका, बाजूने वळसा घाला. आणि कारवी, ती आठ वर्षांनी फुलते, २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली, आता २०३२. मधमाश्यांचा तो गोंगाट ऐकायला मी असेन तिथे.

आता थोडं स्पष्ट बोलते. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, विणीच्या काळात तर अजिबात नाही, तो आपल्या हद्दीत दुसरा नर शिरलाय समजून खाणंपिणं सोडून भांडायला येतो. घरट्याचे फोटो नकोत, समोरची पानं-फांद्या बाजूला करणं तर नकोच नको, ती सावली पिल्लांसाठी असते आणि तो आडोसा कावळ्यांपासून. घुबडाच्या जागा कोणाला सांगू नका, फोटोवरचं लोकेशन बंद करून टाका. काही लोक किडे फ्रीजमध्ये ठेवून गार करतात आणि मग फुलावर मांडून फोटो काढतात, असले फोटो मला लगेच कळतात आणि मी ते कधीही लाइक करत नाही. सीगलना शेव-गाठिया टाकून उडवणं बंद करा, लडाख-तिबेटकडून इतक्या लांब आलेल्या पक्ष्याला तळलेलं मीठ कशाला घालायचं? आणि आरेत पहाटे एकटं जाऊ नका, बिबटे आहेत, ते तिथले रहिवासी आहेत, उजाडल्यावर दोघा-तिघांनी जा.

फोटो काढले की हार्ड डिस्कमध्ये पडून राहू देऊ नका. नोंदी ठेवायच्या वेबसाइट आहेत, पक्षी ईबर्डवर टाका, किडे आयनॅचरलिस्टवर, तारीख आणि जागेसकट, ओळख पटली नसेल तरी टाका, जाणकार लोक नाव सांगतात. उद्या एखादं तळं वाचवायचं म्हटलं तर तिथे कुठला पक्षी कधी दिसला ह्याची नोंदच कामाला येते, आपला सुंदर फोटो एकटा पुरत नाही.

५ ते १२ नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालीम अलींच्या वाढदिवसापर्यंत, त्याच्या आधी आमच्या ग्रुपने येत्या रविवारी भांडुप ठरवलंय. द्वादशी आहे, म्हणजे भरती नऊच्या सुमाराला, आम्ही सातला पोचणार, तोवर चिखलातले पक्षी बघायचे आणि आठनंतर तळ्याच्या बाजूला जाऊन बसायचं. टोपी, पाणी, फिके कपडे, परफ्युम नको, डास चावतात त्याचं क्रीम आणा. आणि रविवार आहे, मेगाब्लॉक कुठल्या लाईनला आहे ते आदल्या रात्री बघून ठेवा.